जंटलमन्स गेम म्हणे! मग लंपी कोण होता?

बोलरनं नॉन-स्ट्रायकरला क्रीजबाहेर पकडून रनआउट केलं की पुढचे दोन दिवस काय ऐकायला मिळणार हे आता तोंडपाठ झालंय. 2022 ला दीप्ती शर्मानं लॉर्ड्सवर इंग्लंडच्या चार्ली डीनला असं आउट केलं तेव्हा तेच झालं, 2023 ला ऑस्ट्रेलियाच्या कॅरीनं क्रीज सोडून निघालेल्या इंग्लंडच्या बेअरस्टोला स्टंप केलं तेव्हा तर लॉर्ड्सच्या लाँग रूममधले टायवाले मेंबर ऑस्ट्रेलियन प्लेयर्सच्या अंगावर ओरडले आणि त्यातल्या तिघांना एमसीसीला (लॉर्ड्सचं मैदान चालवणारा आणि क्रिकेटचे नियम करणारा क्लब) सस्पेंड करावं लागलं. प्रत्येक वेळी एक पार्टी गळा काढते की अहो हा जंटलमन्स गेम होता, पैशानं आणि आयपीएलनं त्याची वाट लावली. दुसरी पार्टी म्हणते, कसले जंटलमन, क्रिकेट पहिल्यापासून धंदाच होता, तुम्ही गप बसा. मला दोन्हींचा कंटाळा आलाय, कारण दोघंही जुन्या काळाची साक्ष काढतात पण तो जुना काळ कुणी खेळला, कुणाच्या पैशावर खेळला आणि त्यात नियम कसे आले हे बघायचे कष्ट कुणीच घेत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अठराव्या शतकातलं इंग्लिश क्रिकेट सभ्यपणातून उभं राहिलं नाही. लॉर्ड लोकांच्या पैजा आणि त्यांच्या पदरी असलेल्या माळी, मोतद्दार, जोडे शिवणाऱ्या माणसांचं कसब, ह्या दोन गोष्टींवर ते उभं राहिलं. आणि खेळ जो काही शिस्तीत आला तो 'स्पिरिट'मुळे, म्हणजे खिलाडूवृत्तीमुळे, नाही, एकमेकांवर विश्वास नसलेल्या लोकांनी नियम कागदावर लिहून घेतले म्हणून आला. त्यामुळे 'जंटलमन्स गेम'ची काठी काढून आजच्या बोलरला बडवायचा हक्क कुणालाच नाही.

सुरुवात 1727 पासून करू. ड्यूक ऑफ रिचमंड आणि ब्रॉड्रिक नावाचे एक जमीनदार गृहस्थ, ह्या दोघांनी मॅचच्या आधी एक करारनामा केला, क्रिकेटचे लेखी नियम म्हणावेत असा आज हाताशी असलेला सगळ्यात जुना कागद हाच. दोन्ही बाजूंनी बारा-बारा गिनींची पैज (गिनी म्हणजे एका पौंडाहून जरा मोठं सोन्याचं नाणं), टीममध्ये कोण खेळणार कोण नाही ह्याच्या अटी, आणि त्यात एक कलम असं की अंपायरच्या निर्णयावर कुणी वाद घातला तर त्याला बाहेर काढायचं. छान. पण पुढे लगेच सूट दिलीय: ड्यूक आणि ब्रॉड्रिक सोडून! म्हणजे अंपायरशी भांडायचा हक्क मालकांना, बाकीच्यांनी तोंड उघडलं तर घरी. आता मला सांगा, ह्यात जंटलमनपणा नेमका कुठे शोधायचा?

चार वर्षांनी, 1731 च्या ऑगस्टमध्ये, ह्याच ड्यूकची मॅच रिचमंड ग्रीनवर चेंबर्स नावाच्या माणसाच्या टीमशी होती, पैज दोनशे गिनींची. ड्यूक उशिरा आला. खेळ संध्याकाळी ठरलेल्या वेळेला थांबवायचा होता आणि तो थांबवला तेव्हा चेंबर्सच्या टीमला जिंकायला आठ-दहा रन हवे होते, विकेट हातात होत्या. म्हणजे ड्यूकसाहेबांच्या उशिरानं समोरच्याची जिंकलेली मॅच गेली. पब्लिक खवळलं, धक्काबुक्की झाली, ड्यूकच्या काही प्लेयर्सचे अंगातले शर्ट फाडले. आता शर्ट कुणाचे फाटले बघा, उशिरा आलेल्या ड्यूकचा नाही, त्याच्याकडून खेळायला आलेल्या पोरांचे.

पुढे 1744 ला लंडनच्या आर्टिलरी ग्राउंडवर खेळणाऱ्या बड्या मंडळींनी नियमांचा पहिला पूर्ण मसुदा केला. बावीस यार्डांचं पिच, बावीस इंच उंच दोन स्टंप, चार बॉलची ओव्हर, बॉलचं वजन पाच ते सहा औंस, अंपायरचा शब्द शेवटचा. त्यातले बावीस यार्ड आजही जसेच्या तसे आहेत. ग्राउंड चालवणारा जॉर्ज स्मिथ हा शेजारच्या पबचा मालक, त्यानं त्याच वर्षी तिकीट दोन पेन्सवरून सहा पेन्सवर नेलं (तिकिटाचे भाव वाढल्याची ओरड आयपीएलपासून सुरू झाली असं वाटणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतोय). चार वर्षांनी, 1748 ला, क्रिकेटच्या पैजेचे पंचवीस पौंड मिळत नाहीत म्हणून एक केस किंग्ज बेंच कोर्टात गेली आणि कोर्टानं सांगितलं की खेळ मर्दानी आहे, खेळात काही वाईट नाही, वाईट आहे ते त्याच्यावर दहा पौंडांच्या वर पैज लावणं. ज्या खेळावरच्या पैजेचा निकाल द्यायला हायकोर्टाच्या तोडीचं कोर्ट बसतं त्यात तेव्हा सट्टा नव्हता म्हणणाऱ्यांना काय म्हणायचं?

आता मालकांचं सोडा, खेळणारे बघू, कारण मला खरा इंटरेस्ट त्यांच्यात आहे. एडवर्ड स्टीव्हन्स, ज्याला सगळे लंपी म्हणायचे, हा त्या काळातला सगळ्यात नेमका बोलर. कामाला कुठे, तर वॉल्टन-ऑन-थेम्सला अर्ल ऑफ टँकरव्हिलच्या बागेत माळी. बोलिंग तेव्हा अंडरआर्म, आणि विकेट कुठे ठोकायची ती जागा निवडायचा मान मिळाला की लंपी हमखास उताराची जागा धरायचा, म्हणजे त्याचे बॉल टप्प्यावरून सरपटत स्टंपात घुसतील. आज आपण पिच क्युरेटरच्या नावानं खडे फोडतो, तेव्हा बोलर स्वतःच क्युरेटर होता. टॉमस वेमार्क हा ड्यूक ऑफ रिचमंडचा मोतद्दार. जॉन मिन्शल ड्यूक ऑफ डॉर्सेटच्या पदरी माळी, 1769 ला त्यानं 107 केले, लेखी नोंद सापडते अशी ही पहिली सेंच्युरी. डेव्हिड हॅरिस मडकी घडवणारा, संधिवातानं पाय इतके दुखायचे की कुबड्या घेऊन मैदानात यायचा आणि तरी बोलिंग करायचा. हॅम्बल्डन ह्या हॅम्पशरमधल्या गावाच्या, त्या काळी गाजलेल्या क्लबचा कॅप्टन रिचर्ड नायरेन मैदानासमोरच्या 'बॅट अँड बॉल' नावाच्या दारूच्या खानावळीचा मालक.

आणि जॉन स्मॉल. हा पीटर्सफील्डचा, मूळचा जोडे शिवणारा, मग त्यानं बॅट आणि बॉल बनवायचा धंदा काढला. 1775 च्या मे महिन्यात आर्टिलरी ग्राउंडवर पाच-पाच जणांची मॅच होती. स्मॉल शेवटचा बॅट्समन, चौदा रन हवे होते, आणि समोर लंपी. दोन स्टंप, मध्ये मोकळी जागा. लंपीचा बॉल तीनदा स्मॉलला चकवून त्या दोन स्टंपांच्या मधून निघून गेला, स्टंपांवरची बेल हललीसुद्धा नाही, आणि स्मॉलनं ते चौदा रन काढून मॅच घातली खिशात. त्यावर काय झालं? स्मॉलनं 'स्पिरिट' म्हणून स्वतःहून चालत जायला हवं होतं असं कुणी म्हणालं नाही. लंपीवर अन्याय झाला हे सगळ्यांना कळलं, आणि पुढे मधला तिसरा स्टंप आला. नियमात भोक होतं, ते बुजवलं, विषय संपला.

त्याच्या चार वर्षं आधीचं उदाहरण ह्याहून भारी आहे. 1771, लेलहॅम बरवेचं मैदान, चर्टसी विरुद्ध हॅम्बल्डन. चर्टसीकडून टॉमस व्हाइट नावाचा माणूस चक्क विकेटएवढी रुंद बॅट घेऊन आला. बॅट केवढी असावी ह्याबद्दल तेव्हा नियमच नव्हता, म्हणजे बेकायदा काहीच नाही. हॅम्बल्डनवाल्यांनी त्याला जंटलमनपणाचं लेक्चर दिलं नाही, त्यांच्या फास्ट बोलर ब्रेटनं एक लेखी मागणी केली, खाली नायरेन आणि स्मॉलच्या सह्या, की बॅट सव्वाचार इंचापेक्षा रुंद नको. स्मॉल स्वतः बॅटी विकायचा हे लक्षात घ्या. मग त्या मापाची एक लोखंडी चौकट करून क्लबात ठेवली, शंका आली की बॅट त्यातून घालून बघायची. पुढे 1774 च्या नियमांत ते आलं, त्याच वेळी एलबीडब्ल्यूही आला कारण लोक मुद्दाम पाय आडवा घालायला लागले होते. सव्वाचार इंचाचं माप आज 2020 च्या दशकातही तेच आहे. अडीचशे वर्षं! ते एका शेतकऱ्यानं, एका खानावळवाल्यानं आणि जोडे शिवून आलेल्या एका माणसानं घालून दिलं.

आता समोरच्यांचे जे दमदार मुद्दे आहेत ते मान्य करतो, उगाच लुटुपुटूची लढाई नको.

पहिला मुद्दा असा की पैजा असतील, पण ह्या खेळानं ड्यूक आणि माळी एका टीममध्ये आणले ना? ट्रेव्हेल्यन नावाच्या इंग्लिश इतिहासकारानं तर असं म्हणून ठेवलंय की फ्रेंच सरदार आपल्या शेतकऱ्यांबरोबर क्रिकेट खेळले असते तर राज्यक्रांतीत त्यांचे वाडे जळाले नसते. हे पूर्ण खोटं नाही. त्या काळातल्या लोकांनाही ते खटकायचं, 1743 ला एका लेखकानं लंडनच्या मासिकात तक्रार केली होती की सरदार आणि पाद्री लोक खाटीक आणि जोडेवाल्यांच्या बरोबरीनं खेळतात, हे काय चाललंय. नायरेनसारखा खानावळवाला मैदानावर बड्या लोकांना ऑर्डर सोडायचा हेही खरं. ड्यूक ऑफ डॉर्सेटनं स्मॉलला एकदा भेट म्हणून व्हायोलिन पाठवलं (स्मॉल उत्तम वाजवायचा), तर ह्या पठ्ठ्यानं उलट टपाली आपल्या हातच्या दोन बॅटी आणि बॉल पाठवले, वर पाठवणावळही स्वतः भरली. हा किस्सा मला प्रचंड आवडतो, कारण त्यात आश्रिताचा भाव कुठेच नाही, घेतलंय तर तोलामोलाचं देऊ असा रोखठोक हिशोब आहे.

पण ही बरोबरी बाउंड्रीपर्यंतच होती. स्मॉलकडे स्वतःचं दुकान होतं म्हणून तो ड्यूकशी देवाणघेवाण करू शकला. मिन्शलचं काय, लंपीचं काय, ज्यांचा पगारच मालकाच्या बागेतून यायचा? आज पैज लावलीय, खेळायला चल, ह्याला नाही म्हणायची सोय होती का त्यांना? जेम्स आयलवर्डची गोष्ट घ्या. 1777 ला सेव्हनओक्सला त्यानं हॅम्बल्डनकडून ऑल इंग्लंडविरुद्ध 167 केले, हॅम्बल्डननं ती मॅच एक डाव आणि 168 रनांनी मारली. दोन वर्षांच्या आसपास केंटच्या सर होरेस मॅननं त्याला आपल्याकडे ओढलं, आपल्या जमिनीचा कारभारी म्हणून. कारभारी म्हणून तो अगदीच यथातथा होता असं सांगतात, पण त्याला कारभार बघायला कोण नेलं होतं! ह्यालाच आज आपण ऑक्शन म्हणतो, फरक एवढाच की आज बोली सगळ्यांसमोर लागते आणि रक्कम प्लेयरच्या नावावर जमा होते. मला तरी आजचं जास्त सरळ वाटतं.

आपल्याकडे ह्याला जोड शोधायची तर कुस्ती बघा. शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, खुराक दिला, खासबागचं मैदान बांधलं, ते नसते तर कोल्हापूर कुस्तीचं कोल्हापूर झालं नसतं. पण म्हणून कुस्तीला कुणी 'संस्थानिकांचा खेळ' म्हणतं का? कुस्ती पैलवानाचीच. खुराक देणाऱ्याचं नाव आदरानं घ्यायचं, पण मातीत घाम गाळला त्याचाच खेळ, हे आपल्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मग क्रिकेटच्या बाबतीतच पैसा लावणाऱ्याचं नाव खेळाला का चिकटलं? कारण एकोणिसाव्या शतकात पब्लिक स्कूलवाल्यांनी (नाव पब्लिक, पण शाळा बड्या घरच्या पोरांच्या) खेळाला नैतिक शिक्षणाचा मुलामा दिला. 1806 ला लॉर्ड्सवर 'जंटलमन विरुद्ध प्लेयर्स' (हौशी विरुद्ध पैसे घेऊन खेळणारे) अशी मॅच पहिल्यांदा झाली तेव्हा जंटलमन टीमला समोर टिकायलाच सिल्व्हर बिली बेल्डहॅम आणि विल्यम लॅम्बर्ट हे दोन धंदेवाईक प्लेयर उसने घ्यावे लागले होते! ही अमॅच्युअर-प्रोफेशनल विभागणी कागदोपत्री मोडायला 1962 उजाडलं. आणि आपल्या पुण्यात काय वेगळं झालं? अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतले बोलर बाळू पालवणकर पूना क्लबवर रोलर फिरवायचे, नेट्समध्ये ग्रेगसारख्या इंग्रज साहेबाला तासन् तास बोलिंग टाकायचे, हिंदू टीमला त्यांच्या विकेट हव्या होत्या पण चहा मात्र पॅव्हिलियनबाहेर मातीच्या कपात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात ह्या माणसानं शंभरावर विकेट काढल्या, कॅप्टन मात्र शेवटपर्यंत केलं नाही. इंग्लंडात अस्पृश्यता नव्हती, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण एका टीममध्ये खेळलं की समाज एक होतो हे जे गुळगुळीत वाक्य फेकलं जातं ना, ते दोन्हीकडे तितकंच पोकळ ठरतं.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. लोक म्हणतात, ठीक आहे, 'स्पिरिट' नंतर चिकटवलं असेल, पण नंतर आलेला आदर्शसुद्धा चांगला असू शकतो की नाही? असू शकतो, मान्य. 1981 ला मेलबर्नला ट्रेव्हर चॅपलनं शेवटचा बॉल सरपटी अंडरआर्म टाकला तेव्हा तो नियमात बसत होता आणि तरी जगभर सगळ्यांना लाज वाटली. ही लाज खोटी नव्हती. पण पुढे काय केलं गेलं? नियम बदलला. आणि गंमत बघा, ज्या अंडरआर्म बोलिंगची 1981 ला लाज वाटली तीच लंपीची आख्खी करियर होती. उलट 1780 च्या दशकात टॉम वॉकरनं हात थोडा वर आणून बोलिंग टाकून बघितली तर हॅम्बल्डनवाल्यांनी ही फेकी आहे म्हणून बंद पाडली. ती राउंडआर्म 1835 ला नियमात बसली, ओव्हरआर्म 1864 ला. म्हणजे बुमराह आज जे करतो ते एके काळी खेळाच्या नावाला बट्टा होतं. 'स्पिरिट' हे असं दर पिढीत कूस बदलतं, त्याच्यावर दंड कसा ठोकायचा? 2000 साली ते नियमांच्या प्रस्तावनेत छापलं, पण नॉन-स्ट्रायकरचा वाद कशानं जरा तरी निवळला? 2022 च्या ऑक्टोबरपासून एमसीसीनं तो प्रकार 'अनफेअर प्ले'च्या कलमातून काढून साध्या रनआउटच्या कलमात टाकला तेव्हा. 1947 ला असंच आउट करणाऱ्या बिचाऱ्या विनू मंकडचं नाव तेव्हापासून त्या प्रकाराला शिवीसारखं चिकटवलं होतं, आणि चूक तर क्रीज सोडून पळणाऱ्याची!

(जाता जाता एक. आपल्या भागात क्रिकेट खेळल्याची सगळ्यात जुनी नोंद 1721 ची, खंबायतच्या किनाऱ्यावर अडकलेल्या कंपनीच्या खलाशांची. ती लिहून ठेवली क्लेमंट डाउनिंगनं, आणि त्याच पुस्तकात तो कान्होजी आंग्र्यांशी झालेल्या लढायांचं वर्णन करतो, त्यांना चाचा म्हणून. हे खलाशीही काही जंटलमन नव्हते, पगारी माणसं होती.)

आता दुसऱ्या पार्टीकडे वळतो, म्हणजे 'पहिल्यापासून असंच होतं, चालायचंच' वाल्यांकडे. ह्यांनी माझे वरचे सगळे दाखले उचलून आजचा सट्टा, आजच्या मालकांची मनमानी धुवून काढू नये. पहिल्यापासून होतं म्हणून बरोबर होतं हे कोणतं लॉजिक? पहिल्यापासून होतं त्याची किंमत कुणी मोजली ते बघा ना. हॅम्बल्डनच्या प्लेयरला लंडनमध्ये मॅच जिंकली तर पाच गिनी मिळायच्या, हरली तर तीन. शेतमजुराला आठवड्याला दहा शिलिंगच्या आतबाहेर मिळायचे तेव्हा पाच गिनी म्हणजे दहा आठवड्यांची मजुरी, लहान रक्कम नाही. पण त्या मॅचवर वरचे लोक पाचशे-पाचशे गिनी लावायचे. मग ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या ग्रीन मॅन अँड स्टिल नावाच्या पबात, जिथे प्लेयर उतरायचे, तिथे बुकी येऊन बसायला लागले ह्यात नवल ते काय. बेल्डहॅमनं म्हातारपणी स्वतः सांगितलं की मॅचेस विकल्या जायच्या.

सापडलं कोण? लॅम्बर्ट. लॅम्बर्टची गोष्ट थोडी निवांत सांगायला हवी कारण तिथे सगळं एका जागी येतं. लॉर्ड फ्रेडरिक बोक्लर्क, 1791 पासून खेळायला लागलेला, ड्यूकचा मुलगा आणि चर्चमध्ये पाद्री. क्रिकेटवर आपण वर्षाला सहाशे गिनी कमावतो असं स्वतःच्या तोंडानं सांगायचा. 1810 ला दोघांविरुद्ध दोघं अशी पन्नास गिनींची मॅच ठरली, बोक्लर्क आणि हॉवर्ड एकीकडे, ऑस्बल्डेस्टन आणि लॅम्बर्ट दुसरीकडे. ऑस्बल्डेस्टन आजारी पडला, त्यानं मॅच पुढे ढकला म्हणून विनंती केली. पाद्रीसाहेब म्हणाले, खेळा नाहीतर पैसे सोडा. मग लॅम्बर्ट जवळपास एकट्यानं उतरला, आणि बोक्लर्क बॅटिंगला आल्यावर त्यानं मुद्दाम बॉल लांब बाहेर टाकायला सुरुवात केली, वाइडला तेव्हा दंड नव्हता. बोक्लर्क तापट, त्याचा तोल सुटला, मग एक सरळ बॉल आणि खेळ खल्लास. पुढच्याच वर्षी वाइडचा नियम आला. आता ह्यात 'स्पिरिट' कुणी मोडलं, आजारी माणसाला मुदत न देणाऱ्या लॉर्डनं की वाइड टाकणाऱ्या लॅम्बर्टनं?

1817 ला नॉटिंगहॅमविरुद्धची मॅच मुद्दाम हरल्याचा ठपका ठेवून लॅम्बर्टला लॉर्ड्सवर कायमची बंदी घातली, आणि त्यामागे बोक्लर्कचा हात होता असं तेव्हापासून बोललं जातं. लॅम्बर्टनं मॅच विकली असेलही, मी त्याची वकिली करत नाही. पण विकत कुणी घेतली ह्याची चौकशी कुणी केली? बुकींना हाकललं, प्लेयरला हाकललं, आणि वर्षाला सहाशे गिनी कमावणारा बोक्लर्क 1826 ला एमसीसीचा प्रेसिडेंट झाला.

म्हणून 'तेव्हाही असंच होतं' म्हणणाऱ्यांनी तेव्हा आणि आत्तामधला हा फरक तरी बघावा. आयपीएलमधल्या 2013 च्या स्पॉट फिक्सिंगमध्ये आधी पोलिसांनी प्लेयरच धरले, पण गोष्ट तिथे थांबली नाही. सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या लोढा कमिटीनं 2015 ला दोन आख्ख्या टीम दोन वर्षांसाठी घरी बसवल्या आणि मालकांच्या बाजूच्या माणसांवर बंदी घातली. ते पुरेसं होतं का, नंतर किती टिकलं, ह्यावर भांडायला मी तयार आहे. पण ते कुणाच्या खिलाडूवृत्तीला पाझर फुटला म्हणून झालं नाही, कोर्टाच्या लेखी ऑर्डरनं झालं, आणि तसली एक ऑर्डर 1817 ला निघाली असती तर लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमधल्या पुढच्या रांगेतल्या किती खुर्च्या रिकाम्या झाल्या असत्या, ते बोक्लर्कलाच माहीत.